हौसेची सायकल, रोजची सायकल आणि मधले तीन मैल

इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या डर्बीशायर काउंटीत मॉन्सल ट्रेल नावाचा ८.५ मैलांचा, म्हणजे जवळजवळ १४ किलोमीटरचा एक मार्ग आहे. मँचेस्टर आणि लंडन यांना जोडणारा जुना लोहमार्ग इथल्या दऱ्याखोऱ्यांतून जात असे. १९६८ मध्ये हा पट्टा बंद झाला, पुढे त्याची पायवाट झाली, आणि २०११ मध्ये त्यावरचे बोगदे दिव्यांची सोय करून सर्वांसाठी उघडल्यावर सायकलस्वारांना तो सलग मिळाला. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही. त्यामुळे एवढ्या डोंगराळ मुलखात, जिथे शेजारच्या रस्त्यावर धडधाकट माणसाचीही दमछाक होते, तिथे या मार्गावरून आठ वर्षांचे पोर आणि त्याची आजी सारख्याच निश्चिंतपणे सायकल चालवू शकतात. उन्हाळ्यातल्या रविवारी तिथल्या वाहनतळावर मात्र एक गंमत पाहायला मिळते. मोटारींच्या रांगा लागलेल्या असतात आणि कित्येकींच्या पाठीवर दोन-दोन, तीन-तीन सायकली पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या असतात. सायकल चालवायची म्हणून माणसे मोटारीत बसून आलेली असतात.

याला त्या माणसांचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. या मार्गाचे पश्चिम टोक बक्स्टन या गावापासून सुमारे ३ मैल अलीकडेच संपते, आणि उरलेल्या अंतरासाठी ए-६ हा वर्दळीचा, वळणावळणांचा मुख्य रस्ता समोर उभा राहतो. लहान मुलांना घेऊन त्या रस्त्यावर सायकल घालायला कोणी धजावत नाही. गाव आणि शहर दोन्ही पोटात असलेल्या काउंटीत सायकलला प्रोत्साहन द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न शेवटी अशा तुटक्या तीन मैलांपाशी येऊन थांबतो, असे माझे मत आहे. बाकीच्या मोहिमा, नकाशे, सवलती यांचे मोल हे तुकडे जोडले जातात की नाही यावरच ठरते.

काउंटी हा शब्द मराठी वाचकाला क्रिकेटमुळे ओळखीचा आहे; प्रशासनाच्या दृष्टीने ती साधारण आपल्या जिल्ह्यासारखी असते. पण अधिकारांची वाटणी बरीच गुंतागुंतीची आहे, आणि ती समजल्याशिवाय सायकलमार्ग अर्धवट का राहतात हे कळत नाही. डर्बीशायरमध्ये बहुतेक सार्वजनिक रस्ते काउंटी कौन्सिलच्या ताब्यात आहेत, पण घरबांधणीला परवानगी देण्याचा अधिकार तिच्या खालच्या, साधारण आपल्या तालुक्यांसारख्या आठ जिल्हा आणि बरो कौन्सिलांकडे आहे. मोटरवे आणि काही प्रमुख राष्ट्रीय रस्ते नॅशनल हायवेज ही सरकारी कंपनी पाहते. डर्बी शहर १९९७ पासून स्वतंत्र कारभार करते, म्हणजे शहराच्या हद्दीवर एका कौन्सिलचा सायकलमार्ग संपतो आणि पुढचा दुसरीच्या मर्जीवर असतो. काउंटीच्या मोठ्या भागात पीक डिस्ट्रिक्ट हे १९५१ साली स्थापन झालेले ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान पसरले आहे, आणि तिथल्या बांधकामाचे निर्णय उद्यानाचे प्राधिकरण घेते. २०२४ मध्ये डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर आणि त्यांतली दोन शहरे मिळून एक संयुक्त प्राधिकरण आणि त्यावर निवडून आलेला महापौर अशी आणखी एक पायरी तयार झाली. पाच मैलांचा एक मार्ग आखायचा तर यांतल्या तिघा-चौघांच्या सह्या लागू शकतात. गावाच्या कडेला नवी वसाहत उभी राहताना तिच्यापासून बाजारापर्यंत सायकलमार्ग करून घेण्याची उत्तम संधी असते. पण परवानगी देणारे कार्यालय एक आणि रस्ता सांभाळणारे दुसरे असल्यामुळे ही संधी अनेकदा निसटते, आणि वसाहतीच्या कुंपणापर्यंत सुरेख बांधलेला मार्ग कुंपणाबाहेर गवतात विरून जातो.

आता सायकलीच्या दोन प्रकारांकडे वळू. सरकारी कागदपत्रांत रोजचे सायकलिंग आणि विरंगुळ्याचे सायकलिंग हे शब्द एका दमात येतात, जणू एका मार्गाने दोन्ही साधणारच आहे. प्रत्यक्षात दोघांच्या गरजा बऱ्याचशा उलट्या आहेत. हौसेने निघालेल्या माणसाला वळसा चालतो, किंबहुना तो हवाच असतो. नदीकाठून अर्धा तास जास्त लागला तर त्याचा दिवस अधिक चांगला जातो. कामावर, शाळेत किंवा दुकानात निघालेल्याला प्रत्येक वळसा खटकतो, आणि मोटारीने दहा मिनिटांत होणारे अंतर सायकलीने चाळीस मिनिटांचे झाले की तो दुसऱ्या आठवड्यात मोटारीकडे परततो. हौशी स्वार पाऊस पाहून घरी राहतो, रोजच्याला पावसातही जावे लागते. हौशी स्वार उजेडात फिरून येतो, तर रोजच्याला डिसेंबरातही संध्याकाळी पाच वाजता परतावे लागते, आणि तेव्हा तिथे चारच्या सुमारासच सूर्य मावळलेला असतो.

मॉन्सल ट्रेलच्या बोगद्यांतले दिवे दिवसाउजेडीच्या वेळेपुरतेच चालू असतात. रविवारच्या सहलीला एवढे पुरते. हिवाळ्यात कामावरून परतणाऱ्याच्या वाट्याला मात्र सुमारे ४०० मीटर लांबीचा काळाकुट्ट बोगदा येतो, आणि सायकलच्या दिव्याचा एक पिवळा ठिपका पुढे नाचत राहतो. जुन्या लोहमार्गांवरच्या अशा वाटांचा पृष्ठभागही हेच सांगतो. तिथे बहुधा चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली असते. कोरड्या हवेत ती चाकाखाली छान वाटते, घोड्यांच्या खुरांना मानवते आणि परिसरात खुपत नाही. पाऊस पडला की तिचा पांढरट रबडा होतो. तो मडगार्डवरून उडून पोटऱ्यांवर बसतो, चेनमध्ये शिरतो आणि वाळल्यावर खरवडून काढावा लागतो. कार्यालयात जायचे कपडे घालून या वाटेवर कोणी रोज येणार नाही. डांबर घाला म्हटले, तर घोडेस्वार आणि निसर्गप्रेमी हरकत घेतात, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचेही नसते. म्हणून मार्ग आखण्याआधी तो कोणासाठी हे ठरवावे लागते. दोघांसाठी म्हणून सांगितलेला मार्ग अनेकदा एकाच्याच उपयोगाचा निघतो.

रोजच्या सायकलला सर्वांत मोठा अडथळा भीतीचा आहे. इंग्लंडमध्ये एकूण प्रवासफेऱ्यांपैकी जेमतेम २ टक्के फेऱ्या सायकलीवर होतात, आणि पाहण्यांमध्ये दहांपैकी सहांहून अधिक प्रौढ सांगतात की रस्त्यावर सायकल चालवणे त्यांना धोक्याचे वाटते. स्त्रियांपेक्षा पुरुष कितीतरी अधिक सायकल चालवतात. आणि जिथे फक्त तरुण पुरुष सायकलवर दिसतात तिथले रस्ते बाकीच्यांना भरवशाचे वाटत नाहीत, एवढे त्यावरून ओळखावे. वास्तविक निम्म्याहून अधिक फेऱ्या ५ मैलांच्या आतल्या असतात, म्हणजे अंतर हे बहुतेक वेळा निमित्त असते.

या भीतीवर उपाय कसा करायचा याचे मार्गदर्शन सरकारने जुलै २०२० मध्ये एका तांत्रिक टिपणात केले. ‘एलटीएन १/२०’ अशा रुक्ष नावाने ते ओळखले जाते. मार्ग सलग, सरळ, सुरक्षित, आरामदायी आणि आकर्षक असावा, ही त्यातली पाच सूत्रे वाचताना सोपी वाटतात. पण त्यांच्यामागचे तपशील नेमके आहेत. वेगमर्यादा ताशी २० मैल असेल आणि दिवसाला २,००० पेक्षा कमी वाहने जात असतील तर बहुतेक लोक वाहनांसोबत सायकल चालवायला तयार होतात. वेग किंवा वर्दळ त्यापलीकडे वाढत गेली की नुसती रंगाची रेघ पुरत नाही आणि सायकलसाठी वेगळी, संरक्षित जागा द्यावी लागते. दुतर्फा सायकलमार्ग शक्यतो ३ मीटर रुंद हवा. आखणी करताना २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद वाहन डोळ्यांसमोर ठेवावे, असे टिपण सांगते, कारण सायकल म्हणजे फक्त दोन चाकांची नव्हे. मुलांना बसवण्याची पेटी लावलेली सायकल आणि अपंगांची तीनचाकी यांनाही तिथून जाता आले पाहिजे. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून अनेक जुन्या मार्गांच्या तोंडाशी लोखंडी अडसर ठोकलेले असतात. वर निमुळती होत जाणारी ती चौकट अशी असते, की साध्या सायकलचे हँडलही तिरके केल्याशिवाय निघत नाही. तीनचाकीवरच्या माणसाचा प्रवास तर तिथेच संपतो. असे अडसर काढणे हे माझ्या मते काउंटीला करता येण्याजोगे सर्वांत स्वस्त काम आहे, आणि ते सर्वांत जास्त रेंगाळणारेही आहे.

केवळ मार्ग बांधले की लोक सायकल चालवू लागतात का? हर्टफर्डशायर काउंटीतल्या स्टीव्हनेज या गावाने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली नव्या नगरांच्या योजनेत निवडले गेलेले ते पहिले नगर. तिथले मुख्य अभियंता एरिक क्लॅक्स्टन स्वतः सायकलस्वार होते. त्यांनी मोठ्या रस्त्यांना समांतर, वाहनांपासून पूर्ण वेगळे आणि चौकांखालून भुयारी वाटेने जाणारे सायकलमार्गांचे जाळे उभारले. तरीही २०११ च्या जनगणनेत सायकलीने कामावर जाणाऱ्यांचे तिथले प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच, म्हणजे देशाच्या सरासरीइतकेच निघाले. कारण मोटारीची सोयही तितकीच उत्तम केलेली होती. रुंद रस्ते, मुबलक वाहनतळ आणि कोंडीचा पत्ता नाही. त्याच जनगणनेत केंब्रिजमध्ये हे प्रमाण २९ टक्के होते. केंब्रिजचे सायकलमार्ग स्टीव्हनेजइतके सुबक नव्हते, पण तिथल्या अरुंद जुन्या गल्ल्यांतून मोटार घालणे आणि ती उभी करणे ही डोकेदुखी होती, विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती, आणि सायकलीने खरोखर लवकर पोहोचता येत होते. सायकलला रस्ता देणे हे अर्धे काम झाले. छोट्या अंतरासाठी मोटारीची ओढ कमी करणे हे उरलेले अर्धे, आणि निवडणुकीच्या तोंडावर कोणत्याही कौन्सिलला ते नको असते.

ग्रामीण भागात प्रश्नाचे रूप बदलते. तिथे वर्दळ कमी असली तरी वेग भयंकर असतो. दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यावर, वेगळी पाटी नसेल तर, ताशी ६० मैल ही मर्यादा लागू होते, मग तो रस्ता दोन उंच कुंपणांमधून जाणारा, एकाच गाडीपुरता का असेना. सायकलस्वारांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात. २९ जानेवारी २०२२ पासून वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत बदल झाले: सायकलला मागे टाकताना ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान १.५ मीटर आणि त्याहून वेग जास्त असेल तर आणखी अंतर ठेवावे, असे आता तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. नियम योग्य आहे, पण वळणापलीकडे काय आहे हे न दिसणाऱ्या रस्त्यावर त्याचा भरवसा किती धरायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अशा ठिकाणी प्रत्येक रस्त्याशेजारी सायकलमार्ग बांधणे परवडणारे नाही. म्हणून आहे त्याचा उपयोग करण्याचे तीन-चार मार्ग शोधले गेले. २००० च्या वाहतूक कायद्याने शांत वाटा जाहीर करण्याची मुभा दिली. कमी वर्दळीचा ग्रामीण रस्ता चालणारे, सायकलस्वार, घोडेस्वार आणि मोटारी यांनी सांभाळून वापरावा अशी त्यामागची कल्पना आहे. १९६८ च्या ग्रामीण प्रदेश कायद्यामुळे घोडवाटांवर सायकल चालवण्याचा हक्क मिळाला. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची, एवढी अट. मेख अशी, की सायकलसाठी ती वाट नीट ठेवण्याची सक्ती त्या कायद्याने कोणावरही केली नाही, त्यामुळे हक्क आहे पण चिखलही आहे. साध्या पायवाटेवर तर सायकलचा हक्कच नसतो, आणि तिचे रूपांतर करायचे तर १९८४ च्या सायकलमार्ग कायद्यानुसार रीतसर आदेश काढावा लागतो. ती वाट शेतजमिनीतून जात असेल तर मालकाची संमतीही लागते.

याखेरीज कोणत्याही आराखड्यात न सापडणारी एक अडचण आहे, ती काट्यांची. या भागातली बांधाची कुंपणे हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांची असतात. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात ती छाटायला मनाई आहे, म्हणून सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला लावलेली यंत्रे फिरू लागतात आणि रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो. ब्लॅकथॉर्नचा काटा सुईसारखा टायर भेदून ट्यूबमध्ये रुततो. नेमक्या याच महिन्यात शाळा सुरू झालेल्या असतात, आणि पहिल्याच आठवड्यात दोनदा पंक्चर काढावे लागलेले मूल पुन्हा बसने जाऊ लागते. छाटणीनंतर रस्ता झाडायला माणूस पाठवणे हाही सायकल प्रोत्साहनाचा भाग आहे, पण उद्घाटनाची फीत कापता येत नसल्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पैशाची वाटणीही याला हातभार लावते. केंद्र सरकारचा सायकलसाठीचा निधी मुख्यतः भांडवली असतो, म्हणजे तो नवे बांधण्यासाठी मिळतो. झाडलोट, दिवे, खड्डे, फांद्या यांचा खर्च कौन्सिलच्या रोजच्या, आधीच ओढाताण झालेल्या तिजोरीतून करावा लागतो. शिवाय हा निधी बरीच वर्षे टप्प्याटप्प्याने आणि स्पर्धेतून येत असे, तोही थोड्या मुदतीत खर्च करायचा असे. मग ज्याची आखणी तयार असेल तेच बांधले जाई, मग गरज दुसरीकडे का असेना. यावर उतारा म्हणून २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाबरोबर स्थानिक सायकल आणि पादचारी आराखड्यांची पद्धत आली. आधी लोक कुठून कुठे जातात ते पाहायचे, मग कोणत्या मार्गावर सायकली वाढण्याची शक्यता अधिक ते मोजायचे, मग कामांचा क्रम लावायचा. हे मोजण्यासाठी वापरले जाणारे संगणकीय साधन २०११ च्या जनगणनेतल्या कामावर जाण्याच्या माहितीवर बेतलेले आहे, आणि डच लोकांइतकी सायकल इथे चालवली गेली तर काय होईल, किंवा सर्वांकडे विजेची सायकल असेल तर काय होईल, अशी चित्रे ते नकाशावर दाखवते. उपयोगी साधन आहे, पण दाट वस्तीकडे त्याचा कल साहजिकच झुकतो. गाव आणि बाजारपेठ यांमधला तीन मैलांचा रस्ता त्याच्या यादीत खाली जातो. २०२२ मध्ये यॉर्क इथे स्थापन झालेली, ऑलिम्पिक सुवर्णपदकविजेते सायकलपटू ख्रिस बोर्डमन यांच्या नेतृत्वाखालची ‘अ‍ॅक्टिव्ह ट्रॅव्हल इंग्लंड’ ही संस्था आता निधी देताना आराखड्यांचा दर्जा तपासते, आणि जून २०२३ पासून १५० किंवा त्याहून अधिक घरांच्या प्रकल्पांवर तिचे मत घेणे बंधनकारक आहे. कुंपणापाशी संपणाऱ्या मार्गांना त्यामुळे थोडा आळा बसायला हवा.

विजेच्या सायकलीने डोंगराळ काउंटीचे गणित बरेच बदलले आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर, ताशी १५.५ मैलांनंतर बंद होणारे साहाय्य आणि किमान १४ वर्षे वय एवढ्या अटी पाळल्या तर तिला परवाना लागत नाही. आणि पगारातून करपूर्व रकमेत सायकल घेण्याची १९९९ पासूनची योजना २०१९ नंतर अशा महागड्या सायकलींनाही सहज लागू पडू लागली. शाळांमध्ये २००७ पासून ‘बाइकेबिलिटी’ हे तीन पातळ्यांचे प्रशिक्षण दिले जाते. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. मात्र शिकवून तयार केलेले मूल घराबाहेर पडताच ताशी साठ मैल वेगाच्या रस्त्यावर उभे राहणार असेल, तर आईवडील त्याला मोटारीतूनच शाळेत सोडतील.

या सगळ्यात हौसेच्या सायकलला दुय्यम मानण्याची चूक होऊ नये. बरीच माणसे लहानपणानंतर पुन्हा सायकलवर बसतात ती अशाच एखाद्या वाहनमुक्त वाटेवर. टिसिंग्टन ट्रेल हा १३ मैलांचा मार्ग १९७१ मध्ये खुला झाला, तेव्हा बंद लोहमार्गांचे काय करावे याची अनेकांना कल्पनाही नव्हती. काउंटीच्या पूर्व भागात फाइव्ह पिट्स ट्रेल आहे. कोळशाच्या खाणींना जोडणाऱ्या जुन्या रुळांच्या जागी तयार झालेला. तो खाणकामगारांच्या वस्त्यांमधून जातो, म्हणून तिथे रविवारचा फेरफटका आणि सोमवारचे दुकान एकाच वाटेवर येऊ शकतात. आधी तयार असलेल्या अशा मार्गाला शेजारच्या शाळेपर्यंत, स्थानकापर्यंत, दवाखान्यापर्यंत नेणे हे शून्यातून जाळे विणण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. उलट नावापुरती जोडणी किती फसवी असते, हे राष्ट्रीय सायकल जाळ्याने दाखवून दिले. त्याचे मैल मोजताना वर्दळीचे रस्तेही धरले गेले होते. अखेर २०२० मध्ये ते चालवणाऱ्या संस्थेने स्वतःच सुमारे एक चतुर्थांश जाळे असुरक्षित म्हणून त्या दर्जातून वगळले. नकाशावरची रेघ पुसण्याचे धैर्य संस्था सहसा दाखवत नाहीत, म्हणून हा निर्णय मला विशेष वाटतो.

मॉन्सल ट्रेल दोन्ही बाजूंनी पुढे नेऊन हाय पीक ट्रेल या जुन्या लोहमार्गावरच्याच दुसऱ्या वाटेशी आणि बक्स्टन, बेकवेल, मॅटलॉक या गावांशी जोडायचा आणि एक वर्तुळ पूर्ण करायचे, ही ‘व्हाइट पीक लूप’ नावाची योजना आहे. तिचे काही तुकडे झाले आहेत, काही बाकी आहेत. बेकवेलच्या पुढे जुना लोहमार्ग हॅडन हॉल या प्राचीन वाड्याजवळून जातो. एकोणिसाव्या शतकात तो बांधला गेला तेव्हा वाड्याचे मालक असलेल्या ड्यूक ऑफ रटलंड यांना आगगाडी दिसू नये म्हणून तिथे ती बोगद्यात घातली गेली. आज तो बोगदा बंद आहे. मॅटलॉकहून बेकवेलला सायकलीने सरळ यायचे असेल, तर ती वाट एके काळी एका उमरावाच्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी जमिनीखाली गेलेली आहे, आणि तिथून बाहेर काढायला जमिनीची मालकी, बोगद्याची दुरुस्ती आणि वर्षानुवर्षांची देखभाल या तिन्हींचा खर्च कोणी उचलायचा हे ठरावे लागेल. तोवर वाहनतळ भरत राहतील.